‘तेव्हाच लक्ष दिलं असतं तर…’ ही हळहळ सोडून आजची सवय लावायची कशी?

राजेंद्रनगरी (धागाकर्ती)

मंडळी, नमस्कार. मी इंदुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, आमचं राजेंद्र नगर अशा मराठी वस्त्यांतली माणसं माझ्याकडे पुष्कळ येतात. मी विचारते, "काल रात्री किती वाजता जेवलात?" उत्तर येतं, "ताई, चाळिशीत लक्ष दिलं असतं तर आज ही वेळ आली नसती." मी कालचं विचारलेलं असतं आणि समोरचा माणूस वीस वर्षं मागे जाऊन बसलेला असतो.

हे वारंवार पाहून माझं एक मत झालंय. स्वतःला सतत दोष देणारा माणूस बाहेरून फार जबाबदार वाटतो. घरच्यांनाही वाटतं, चला, याला कळलंय. पण तोच माणूस पुढच्या तपासणीची तारीख टाळतो, साखर मोजायचं यंत्र कपाटात ठेवून देतो, कारण प्रत्येक आकडा त्याला मागच्या सगळ्या वर्षांचा निकाल वाटतो. दिवसभराची ताकद स्वतःला बोल लावण्यात जाते आणि संध्याकाळचं फिरणं तेवढं राहून जातं.

अशांना मी एचबीए१सी या तपासणीबद्दल सांगते. रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांच्यावर चढलेली साखर ही तपासणी मोजते. म्हणून तो आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा असतो. ५.७ टक्क्यांच्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. तुमची चाळिशी त्या कागदावर नाही! आज बदल केला तर तीन महिन्यांनी तो कागद तुम्हाला सांगेल. आता हेही सांगायला हवं की मागचं सगळं पुसलं जातं असं नाही. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडं, पायांच्या नसा यांवर जुन्या वर्षांचा परिणाम राहतो. ते लपवून मी कोणाला धीर देणार नाही. पण तिथेही पुढचं नुकसान थांबवायचं काम आजच्याच साखरेच्या हातात असतं.

इंदुरात राहून पोहे-जिलेबी सोडा, सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात पाऊल टाकू नका, असं मी कोणाला सांगत नाही. ते टिकत नाही, आणि मोडलं की पश्चात्तापाला नवं निमित्त मिळतं. पोह्यांवरची शेव मुठीवरून चिमटीवर आणा, शेंगदाणे आणि मोड आलेले मूग वाढवा, जिलेबी रविवारची ठेवा. रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला, जेवणानंतरची साखर त्याने कमी चढते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तो रोज थोडा-थोडा करूनही पूर्ण होतो, पण रात्रीचं हे एवढंच चालणं त्याला पुरत नाही.

तुमच्या घरात काय चालतं? मागचं काही मनात धरून बसल्यामुळे आजचं राहून जातंय का? मनापासून लिहा.

गादीवरचा

ताई, मी कपडा मार्केटचा माणूस. वय ५८. सकाळी अकराला गादीवर बसलो की रात्री आठलाच उठतो.

तुमचं पहिलं वाक्य वाचलं आणि माझ्याबद्दलच वाटलं. पण माझी हळहळ स्वतःच्या साखरेची नाही. वडिलांना साखर होती. पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ते कोणाला बोलले नाहीत. दुखतच नव्हतं तर बोलणार काय? दुकानात सीझन होता, लग्नसराई. मी रोज त्यांच्यासमोर जेवायला बसत होतो आणि पायांकडे माझं लक्ष गेलं नाही. पुढे पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

आता मलाच साखर निघाली आहे. डॉक्टर म्हणतात चाला. मी नेहरू पार्कात जातोही, पण एक फेरी झाली की मनात येतं, स्वतःचे पाय वाचवायला निघालास, त्यांच्या पायांकडे पाहिलं नाहीस. मग परत येतो. बायकोला सांगतो गुडघा दुखतो. खरं कारण आज पहिल्यांदा लिहितोय.

धंद्यातला माणूस आहे म्हणून कळतं की मी नुसतं व्याज भरतोय, मुद्दल एक रुपयाने कमी होत नाही. पण भरणं थांबवलं तर वडिलांशी बेइमानी केल्यासारखं वाटतं. याचं काय करायचं, कोणी सांगेल का?

राजेंद्रनगरी

दादा, तुम्ही हे लिहिलंत, त्याबद्दल आधी मनापासून आभार.

एक गोष्ट ठामपणे सांगते. मधुमेहात पायांच्या नसा बधिर होतात, म्हणून जखम दुखत नाही. ज्याच्या पायाला आहे त्यालाच कळत नाही, तर समोर जेवायला बसलेल्याला कुठून कळणार? पाय रोज उचलून बघायचा असतो हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं का? बहुतेक नसेल. आज जे माहीत आहे ते तेव्हा माहीत होतं असं धरून तुम्ही स्वतःचा न्याय करताय.

वडिलांशी बेइमानीचं म्हणाल तर मला वाटतं, त्यांच्या पायाने तुम्हाला जे शिकवलं ते वापरलंत तरच ते त्यांच्या नावाने राहील. फेरी अर्धी सोडून परत येण्यात त्यांना काही मिळत नाही. उद्या जा, आणि तो विचार आला तरी चालत राहा. विचार आला म्हणून परत फिरलंच पाहिजे असं नाही, तो सोबत चालू द्या.

निवृत्त_मास्तर

धागा चांगला आहे, पण मला एक शंका आहे. पश्चात्ताप सोडा, सोडा असं हल्ली जिकडे-तिकडे ऐकू येतं. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं त्यावरून सांगतो, ज्याला केल्याचं काहीच वाटत नाही तो सुधारतही नाही. गादीवरचे यांना वडिलांबद्दल वाटतं, हा त्यांचा चांगुलपणा आहे. तो काढून टाका म्हणणं मला पटत नाही.

पहाटवारा

मास्तर, काढून टाका असं ताई कुठे म्हणाल्या? मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, म्हणून थोडं लिहितो.

वाईट वाटणं आणि त्याच गोष्टीवर तासन्‌तास घोळत राहणं ही वेगळी कामं आहेत. वाईट वाटलं की माणूस माफी मागतो, पैसे परत करतो, फोन उचलतो, डॉक्टरकडे जातो. वाटणं तिथे आपलं काम करून जातं. घोळत राहण्यातून काहीच निघत नाही. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा, "मी असा कसा वागलो", आणि उत्तर कधीच नाही. नैराश्यात हे घोळणं फार ठळक दिसतं आणि त्याने नैराश्य वाढतंही.

तुमच्या शाळेच्याच विषयातलं उदाहरण देतो. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेचा अभ्यास ज्यांनी पुढे ढकलला होता त्यांच्यापैकी ज्यांनी स्वतःला त्याबद्दल माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी टाळाटाळ कमी केली. आपल्याला वाटतं उलट होईल, माफ केलं की मुलं सैल सुटतील. पण मनात स्वतःबद्दल चीड असली की पुस्तक उघडतानाच ती चीड समोर येते, मग माणूस पुस्तकच टाळतो. साखरेचं यंत्र कपाटात जातं ते याच कारणाने.

निवृत्त_मास्तर

हे उदाहरण पटलं. वर्गात हे पाहिलेलं आहे. ज्या मुलाला सगळ्यांसमोर फार बोलणी बसली, तो दुसऱ्या दिवशी अभ्यास करून यायच्या ऐवजी शाळेलाच यायचा नाही.

तरी एक जोडतो. ज्याच्याबद्दल हळहळ आहे तो माणूस जिवंत असेल, तर स्वतःला माफ करण्याआधी त्याच्याकडे जावं. घरात बसून स्वतःला मोकळं करून घेणं मला अर्धवट वाटतं.

पहाटवारा

अगदी. शंभर टक्के सहमत. करता येण्यासारखी दुरुस्ती आधी.

भंवरकुआँ_ते_घर

मी वयाने इथे सगळ्यांत लहान असेन. माझं वेगळं आहे. ग्वाल्हेरहून इंदुरात आलो, भंवरकुआँला खोली घेतली, एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी. प्रिलिम्स निघायची, मेन्स राहायची. मग परीक्षा लांबल्या, निकाल कोर्टात अडकले, वर्षं गेली. बरोबरचे मित्र बँकेत लागले, लग्नं झाली, मुलं झाली. मी आता एका खाजगी कंपनीत सुपर कॉरिडॉरला नोकरी करतो. पगार ठीक आहे. आई-बाबा एक शब्द बोलत नाहीत, आणि त्याचंच जास्त लागतं.

रात्री अकराला आडवा होतो आणि दोनपर्यंत मोबाईल. रील्स बघतो असंही नाही, नुसता अंगठा फिरत असतो आणि डोक्यात चालू असतं की तिसऱ्या प्रयत्नानंतर थांबायला हवं होतं. सकाळी डोकं जड, पोहे-कचोरी हातात घेऊन ऑफिस. सहा महिन्यांत पँट्स घट्ट झाल्या. चालण्याने आणि मूग खाण्याने माझी वर्षं परत येणार आहेत का? रागाने विचारत नाही, खरंच विचारतोय.

मालवी_माय

बाळा, वर्षं परत येत नाहीत. तुझ्या आईच्या वयाची आहे म्हणून सरळ सांगते. पण तू त्या खोलीत नुसता बसून नव्हतास. राज्यघटना वाचलीस, इतिहास वाचलास, एकट्याने स्वयंपाक करून खाल्लास, निकालाच्या दिवशी एकट्याने जेवलास. ते कुठे जात नाही. आणि आई-बाबा बोलत नाहीत ते नाराज आहेत म्हणूनच, हे कशावरून? माझाही मुलगा असाच परत आला. मी गप्प होते कारण काय बोललं तर त्याला लागेल हे मला कळत नव्हतं. तूच एकदा विषय काढ. आईला फोन कर.

पहाटवारा

भंवरकुआँ, मालवी माय यांनी लिहिलंय ते आधी कर. मग माझं वाच.

तुझ्या बाबतीत मूग नंतर, झोप आधी. रात्री बारानंतर मनाला जे सुचतं त्यावर विश्वास ठेवू नये. थकलेलं मन सगळं काळंच बघतं. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते, तुला पाचही मिळत नसेल. झोप लागायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. म्हणून उठण्याची वेळ पक्की कर, रविवारीसुद्धा तीच. उठल्यावर गच्चीवर किंवा रस्त्यावर उजेडात जा. मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव आणि गजरासाठी साधं घड्याळ घे. हे क्षुल्लक वाटेल, पण हाताशी नसलेली गोष्ट उचलली जात नाही.

दुसरं. "मन ठीक झालं की सुरू करेन" असं आपल्याला वाटतं. नैराश्यावरच्या उपचारांत एक पद्धत आहे ती याच्या नेमकी उलट चालते: आधी कृती, मन मागून येतं. थोडं का होईना, ठरलेल्या वेळी करायचं, मनात असो वा नसो.

आणि हे सगळ्यांसाठी. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज उदास वाटत असेल, कशात रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल, आपण निरुपयोगी आहोत किंवा जगून काय करायचं असे विचार येत असतील, तर ही सवयींच्या धाग्यावर सुटणारी गोष्ट नाही. डॉक्टरला भेटा. सरकारची टेली मानस ही मोफत सेवा २०२२ पासून आहे, १४४१६ वर रात्री-अपरात्रीही फोन करता येतो.

भंवरकुआँ_ते_घर

पहाटवारा सर, शेवटचं जे लिहिलंत तितकं नाही. पण नंबर सेव्ह केला. मालवी माय, आईला उद्या करतो. आज केला तर रडेन.

मालवी_माय

रडलास तर रडलास. आईच आहे.

चुना_तंबाखू_बंद

मी सवय सोडणाऱ्यांतला. मध्य प्रदेशात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण पान मसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत असं मिळत राहिलं, आणि मी दोन्ही एकत्र करून खात राहिलो. तोंड कमी उघडायला लागलं तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी आरशात दाखवलं. आतली कातडी पांढरी, ताठ. ते म्हणाले, जितकं ताठलंय ते पूर्ण पूर्वीसारखं होणं कठीण, पण आज थांबलात तर पुढे वाढायला खतपाणी मिळणार नाही, आणि तपासणीला येत राहा.

सोडताना माझा घात नेहमी एकाच जागी व्हायचा. पंधरा-वीस दिवस छान जायचे, मग एखाद्या लग्नात एक पुडी. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटायचं, सगळं मातीत गेलं, आता काय राहिलं! आणि मग पूर्ण दिवस पुड्या. एका पुडीने जेवढं नुकसान केलं नसतं तेवढं त्या वाटण्याने केलं. तंबाखू सोडण्याच्या सरकारी हेल्पलाइनवर (१८००-११२-३५६) फोन केला तेव्हा समोरच्या बाईंनी विचारलं, "पुडी किती वाजता खाल्लीत? त्याआधी काय चाललं होतं?" ओरडा नाही, उपदेश नाही. फक्त कधी, कुठे, कोणाबरोबर. लग्नातल्या जेवणानंतर मित्रांबरोबर मंडपाबाहेर उभं राहणं, हे ठिकाण सापडलं. आता जेवण झालं की बडीशेप घेऊन सरळ आतल्या बायकामाणसांत जाऊन बसतो.

राजेंद्रनगरी

हे फार मोलाचं लिहिलंत. २१ दिवसांत सवय लागते असं सगळीकडे सांगतात, त्याने माणसं बाविसाव्या दिवशी हताश होतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता, कोणी जेवताना फळ खाणार, कोणी जेवणाआधी धावणार असं एकेकाने एकच ठरवलं. सवय अंगवळणी पडायला लागलेला काळ १८ ते २५४ दिवस इतका वेगवेगळा निघाला, मधला आकडा ६६. आणि एखादा दिवस चुकला तर त्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. माझ्याकडच्या बायकांना मी हे आवर्जून सांगते, कारण एक दिवस चुकला की त्या महिनाभर येत नाहीत.

मालवी_माय

बायकांचं निघालं म्हणून लिहिते. आमच्या पिढीची हळहळ वेगळीच असते. मी काही चुकीचं खाल्लं नाही, व्यसन नाही. पण सासूबाईंचं, यांचं, मुलांचं झाल्यावर उरलेलं पातेल्यातलं खाल्लं, दुखणं अंगावर काढलं, हाडांची तपासणी साठीनंतर झाली. आणि आता मनात येतं की कोणी सांगितलं होतं इतकं झिजायला? त्याचा राग कधी घरच्यांवर निघतो, कधी स्वतःवर.

पहिल्यांदा मी एकटी निघत नव्हते. "कुठे चाललात?" असं कोणी विचारलं की उगाच लाज वाटायची. शेजारणीला विचारलं, तीही हेच कारण घेऊन बसली होती. दोघी निघालो. आता गल्लीतल्या आणखी येतात. आम्ही फार गप्पा मारतो आणि त्यात जुनी रडगाणी निघतातच, कोणी कोणाला थांबवत नाही. पण पाय चालत असतात. आल्यावर खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, दहा वेळा. गुडघ्यांना सोसेल तेवढंच. आणि ताट सगळ्यांबरोबर वाढून घ्यायचं, हे मी ठरवलं. ते चालण्यापेक्षा अवघड गेलं, खरं सांगते.

निवृत्त_मास्तर

ताट वाढून घेण्याचं वाचून मी स्वयंपाकघरात गेलो आणि आमच्या घरात काय होतं ते पाहिलं. यापुढे आम्ही दोघं एका वेळी जेवू.

गादीवरचा

परत आलो. मधले दिवस फक्त वाचत होतो.

पार्कात गेलो. विचार आला, चालत राहिलो. ताई म्हणाल्या तसं तो सोबत होता. एकदोनदा डोळ्यांत पाणी आलं, पण सकाळी तिथे कोणी कोणाकडे बघत नाही. गादीवरही आता दर तासाला उठून गिऱ्हाइकाला कापडाचे तागे स्वतः काढून दाखवतो, पोऱ्याला सांगत नाही. पोऱ्या घाबरला होता, त्याला वाटलं नोकरी जाते.

मास्तरांचं वाक्य डोक्यात राहिलं, जिवंत माणसाकडे आधी जावं. वडील नाहीत. पण मोठा भाऊ आहे, त्यालाही साखर आहे, आणि वडिलांच्या आजारपणावरून आम्हा दोघांत बोलणं जवळजवळ बंद होतं. तू बघायचं होतंस, तू बघायचं होतंस, असं. काल त्याच्या घरी गेलो. काही बोललो नाही, म्हटलं पाय दाखव. तो चिडला, मग दाखवले. टाचेला भेग आहे, खोल. त्याला माहीतच नव्हती. ताई, पुढे काय करायचं ते नीट सांगा.

राजेंद्रनगरी

दादा, तुम्ही त्यांच्याकडे गेलात हे वाचून फार बरं वाटलं. आता कामाचं.

भेग खोल आहे तर घरगुती मलम लावून वाट बघू नका, भाऊंना याच आठवड्यात डॉक्टरकडे न्या. भोवती लाली, सूज, पाणी, वास किंवा काळेपणा असेल, ताप असेल, तर आठवडा नाही, आजच. तिथे सांगा की पायांच्या नसांची तपासणी करायची आहे. एक बारीक नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून कळतंय का बघतात, आणि पायाची नाडी बघतात. ही तपासणी मधुमेह असलेल्या प्रत्येकाची वर्षातून एकदा तरी व्हायला हवी, तुमचीही. डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रथिन हेही वर्षाला एकदा.

घरी रोज रात्री दोघांनी आपापले तळवे बघायचे. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. बोटांच्या मधल्या जागा विसरू नका. पाय कोमट पाण्याने धुवायचे, पाणी पायाने नाही, कोपराने पाहायचं, कारण बधिर पायाला चटका कळत नाही. शेक घेणं, गरम पाण्यात पाय बुडवून बसणं बंद. पुसून कोरडे करा, क्रीम तळव्याला आणि टाचेला लावा, पण बोटांच्या मध्ये नको. घरातही अनवाणी चालायचं नाही. देवघरात किंवा देवळात जाताना सुती मोजे घातले तर कोणी काही म्हणत नाही. घट्टे पडले तर ब्लेडने कापायचे नाहीत.

एकमेकांना रात्री फोन करायचं ठरवा, "पाय बघितले का" एवढंच विचारा. आणि भाऊंना डॉक्टरकडे नेताना त्यांची रोजची चप्पल पायात असू द्या, नवी नको. ती कुठे घासते ते डॉक्टरांना दिसेल.